कमळावहिनींचं मुकं जेवण

"तिसऱ्या घासालाच उठल्या बगा वयनी आज," ठकू मागच्या दारात उभी राहून माझ्या आईला सांगत होती. "पानात सगळं तसंच. भाताला बोट लागलं नाय."

"आज कशावरून बोलली?" आईने विचारलं.

"छबीनं इचारलं, आई, बेडकाला शेपूट असती का? वयनी म्हनाल्या, लहान असतो तवा असते. झालं. तशाच उठल्या नि हात धुतला."

आई हसली. डाळ निवडायची थांबवून, तोंडाला पदर लावून हसली. मी खिडकीशी पुस्तक घेऊन बसले होते. मला घरी येऊन पावसाळ्याचे दोन महिने होत आले होते, आणि आईला असं हसताना मी क्वचितच पाहिलं होतं. विनोद माझा नव्हता. तो शेजारून आला होता, भांडी घासणाऱ्या ठकूच्या तोंडून, आणि त्या विनोदाची मालकीण भिंतीपलीकडे उपाशी बसली होती.

लढाईचे दिवस होते. मुंबईवर बॉम्ब पडणार अशी आवई उठली तेव्हा आमच्या शाळेचं वसतिगृह आठवड्याभरात रिकामं झालं. माझं मॅट्रिक झालेलंच होतं. वडील भिवपुरीच्या वीजघरात इंजिनियर होते, त्यामुळे मी ट्रंक घेऊन तिथल्या क्वार्टर्समध्ये आले. आठव्या वर्षापासून मी वसतिगृहात वाढले होते. सुट्टीत घरी यायचे ती पाहुण्यासारखी. आता सुट्टी संपायची नव्हती आणि पाहुणीला काय करायचं ते आम्हा दोघींनाही, आईला आणि मला, नीटसं कळत नव्हतं. आई मुळात कमी बोलणारी. मी त्याहून कमी. दिवसदिवस आमच्यात "जेवलीस?" आणि "हो" एवढंच होई.

कमळावहिनी मात्र बोलत. भिंतीला भिंत लागून त्यांचं घर होतं आणि मागची पडवी दोन्ही घरांत एकच. त्यांचे यजमान वीजघराच्या स्टोअरवर होते. वहिनींचं माहेर कर्जतचं, वडील शाळामास्तर. अंगाने त्या भरपूर होत्या. पडवीतल्या दारातून यायचं तर आधी एक खांदा आत घालत, मग स्वतःशीच "या, बसा" म्हणत उरलेल्या आत येत. माणसांशी तर त्या बोलतच, पण उतू जाणाऱ्या दुधाला "थांब रे, आले ना" म्हणत, दुपारी वीजघराचा भोंगा झाला की "झालं का ओरडून?" म्हणून त्याला विचारत, आणि वाळत घातलेल्या पातळाला आज तरी वाळ म्हणून विनवत. प्रत्येक गोष्ट "ऐका तर खरं" अशी सुरू व्हायची आणि एकही गोष्ट शेवटाला जायची नाही, कारण मध्येच दुसरी निघे. माझ्या वडिलांना त्यांचं हसू ऐकू आलं की तेही वर्तमानपत्रामागे हसत. पुढे त्या कुटुंबाची खोपोलीला बदली झाली आणि आमचं जाणंयेणं तुटलं. तिथल्या बाजारात छबीला कडेवर घेऊन त्या भाजीवाल्याशी हुज्जत घालत होत्या, असं कुणीतरी येऊन सांगितलं, तेव्हाही वडील तसेच हसले होते.

त्यांच्या चेहऱ्यात मी काहीतरी उणं शोधत असे. मला ते सापडत नसे. कातडी कशी तुकतुकीत होती, हातावर खळ्या पडत, आणि माझे हात पाहावेत तर मनगटाची हाडं पुढे आलेली. आई त्यांना "कमळ" म्हणायची. मला घरात "बेबी" म्हणत. ते नाव नर्सने ठेवलेलं होतं आणि नंतर कुणी बदललं नव्हतं.

वहिनींना बारीक व्हायचं होतं. हौस म्हणून नव्हे. छबीच्या बाळंतपणानंतर त्यांच्या बेंबीपाशी एक फुगा येऊ लागला होता. आधी लिंबाएवढा होता, तो वाढत गेला. त्याला अंतर्गळ म्हणतात हे मला तिथेच कळलं. पोटाला जुन्या पातळाचा पट्टा करकचून बांधून त्या कामं करत. चार वर्षांच्या छबीला त्यांना उचलता येत नसे. पोर हात वर करून समोर उभी राहिली की त्या खाली बसून तिला मिठीत घेत आणि म्हणत, "तू चढू नकोस, मीच उतरते." कर्जतचे डॉक्टर सांगत होते की हा कधी अडकला, तर मुंबई गाठेपर्यंत वेळ मिळणार नाही, आताच शस्त्रक्रिया करून घ्या. पण एवढ्या चरबीतून कापणं धोक्याचं. आधी वजन उतरवा, मग मी मुंबईला पाठवतो.

वजन करायला क्वार्टर्समध्ये एकच काटा होता, स्टोअरमधला, ज्यावर तांब्याच्या तारेची वेटोळी तोलत. एका रविवारी सकाळी आई, मी आणि वहिनी तिकडे गेलो. आईने मला का नेलं ते ठाऊक नाही, बहुधा छबीचा हात धरायला. वहिनी काट्यावर चढल्या, यजमान खाली मान घालून दुसऱ्या बाजूला वजनं ठेवू लागले. एक ठेवलं, दुसरं ठेवलं, तिसरं ठेवलं. दांडी हलेना.

"अहो, घाबरून थांबू नका," वहिनी वरून म्हणाल्या. "सरकारी वजनं आहेत, संपायची नाहीत."

दांडी शेवटी सरळ झाली. यजमानांनी आकडा मनातच ठेवला. वहिनी खाली उतरल्या, शेजारच्या तांब्याच्या वेटोळ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "वजन सारखंच आहे आमचं. भाव तेवढा हिला जास्त." आई तिथल्या खोक्यावर बसून हसली. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की आईला हसायला बसावं लागतं.

आषाढी एकादशीला वहिनींनी नेम घेतला. चातुर्मासात बायका काहीतरी सोडतात, काहीतरी धरतात, हे मला पुस्तकातलं वाटायचं. वहिनींनी मौनभोजन धरलं. पानावर बसल्यापासून आचवेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. तोंडातून शब्द गेला की तिथेच उठायचं, मग पानात काहीही असो. आमच्या शाळेतही जेवताना बोलायला बंदी होती. तिथे बोललं तर कोपऱ्यात उभं करत, जेवण बंद करत नसत.

"म्हणजे बघा ताई, दोन्ही कामं होतात," वहिनी आईला म्हणाल्या होत्या. "देवाचंही होतं आणि डॉक्टरांचंही. मी काही गप्प बसणार नाही, म्हणजे मी काही जेवणार नाही. कार्तिकापर्यंत शेवग्याची शेंग होते की नाही बघा."

त्यांचा हिशेब बरोबर निघाला. रोज कुणीतरी काहीतरी विचारी, नाही विचारलं तर त्यांना काहीतरी सांगायचं असेच. एकदा पडवीत कावळा येऊन बसला आणि त्या "हाड्" म्हणाल्या. पहिला घास हातातच होता. त्यावर पडवीत मोठाच वाद झाला. आई म्हणाली, हाड् हा काही शब्द नाही, नुसता आवाज आहे, जेव तू. ठकू म्हणाली, "आमी ढोरान्ला म्हनतो त्ये बी बोलनं नाय व्हय मग?" वहिनींनी विचार केला, घास पानात परत ठेवला आणि उठल्या. हात धुऊन आल्यावर निकाल दिला, "कावळ्याला कळलं ना? मग शब्दच तो."

रात्रीही तसंच. मधल्या वेळी कुणी खायला दिलं तर "नको, पोट भरलंय" म्हणत. सोमवार, चतुर्थी, एकादशी हे होतंच वर. पातळाची निरी खरंच सैल झाली. आजूबाजूच्या बायका आता त्यांच्याकडे निराळ्या नजरेने पाहू लागल्या. एरवी त्या जे बोलत ते मी ऐकलेलं होतं. रेशनचे दिवस होते, तांदूळ मोजून मिळे. "स्टोअरकीपरची बायको, तिला काय कमी पडतंय!" असं नळावर म्हणत. वहिनी जवळ आल्या की विषय बदलत. वहिनींना ते ठाऊक होतं. कुणाकडे हळदीकुंकवाला गेल्या तर वाटीतली डाळ तशीच झाकून घरी आणत आणि छबीला देत. लोकांसमोर खाताना मी त्यांना पाहिलेलं नव्हतं.

भाद्रपदात एका सकाळी त्या नळापाशी पडल्या. कळशी गडगडत आमच्या पायरीपर्यंत आली. यजमान कामावर होते. आईने आणि ठकूने त्यांना आत आणलं. ओठ पांढरे झाले होते. डोळे उघडल्यावर पहिलं वाक्य, "कळशीला पोचा तर नाही ना आला?"

डॉक्टर दुपारच्या गाडीने आले. त्यांनी डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, दंडाचं मांस चिमटीत धरून पाहिलं. वहिनींनी मोठ्या अभिमानाने सैल झालेला पट्टा दाखवला.

"वजन उतरलंय ना डॉक्टर?"

"उतरलंय. चरबी आहे तिथेच आहे, बाई. अंगातली ताकद उतरली," डॉक्टर म्हणाले. "अशा अंगाला मी सुरी लावू देणार नाही. टाके घालायचे तर ते धरून ठेवायला खाली मांस लागतं, जखम भरून यायला रक्त लागतं. तुम्ही दोन्ही खाऊन टाकलंत."

"खाल्लं कुठं? उलट..."

"न खाऊन खाल्लंत." मग त्यांनी सांगितलं, भात थोडा, साखर-तूप नावाला, तळलेलं बंद. पण सकाळी दूध-भाकरी, दुपारी भाकरी, घट्ट वरण, पालेभाजी, ताक, आणि रात्री पुन्हा तेच. उपास बंद. पान पुसून जेवायचं. "वजन हळू उतरू दे, पण पोट भरून उतरू दे. दिवाळीनंतर मी येईन. चक्कर, धाप, पांढरे ओठ यातलं काही दिसलं, तर मुंबईचं नाव काढायचं नाही. आणि तोवर हे अडकलं, तर मला बोल लावायचा नाही."

डॉक्टर गेल्यावर वहिनींनी सैल पट्टा पुन्हा आवळून बांधला. मग म्हणाल्या, "उपास सोडते मी. पण मौन कसं सोडू, ताई? देवापुढे पाणी सोडलंय."

आईने पुष्कळ समजावलं. त्या एवढ्यावर आल्या की नेम राहील आणि जेवणही होईल. फक्त त्यांना कुणी बोलायला लावू नये. त्यांच्या घरात छबी होती, रस्त्यावरची खिडकी होती, येणारेजाणारे होते. म्हणून ठरलं की दोन्ही वेळा त्यांचं पान आमच्याकडे मांडायचं. दूध, डाळ, पीठ त्या पाठवतील, रांधायचं आईने. छबीला ठकू बाहेर धरील.

"एकटीला पानावर बसवू नका," ठकू म्हणाली. "एकट्या बसल्या तर भिंतीशी बोलतील."

"बेबी बसेल समोर," आई म्हणाली. "तिच्याशी कोण काय बोलणार?"

ती वाईट हेतूने म्हणाली नाही. तिने खरं तेच सांगितलं होतं. वहिनींनी मात्र माझ्याकडे एकदा पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून रोज दोनदा मी त्यांच्यासमोर पाटावर बसू लागले. आई आमच्यामध्ये, जरा वहिनींकडे सरकून, हातात पंखा घेऊन. इतक्या जवळून मी कुणाला जेवताना पाहिलेलं नव्हतं. पोटभर जेवणं ही मेहनत असते हे तिथे दिसलं. इतक्या दिवसांच्या अर्ध्या जेवणांनी पोट आखडलेलं. अर्ध्या भाकरीपाशीच त्या थांबत, डोळे मिटत, पाठ भिंतीला टेकवत. कपाळावर घाम येई. मग आई भाकरीचा तुकडा वरणात कुस्करून पुढे करी, "एवढाच, कमळ. बघ, मऊ केलाय." वहिनी मान हलवत. आई तुकडा धरून वाट पाहत बसे. तुकडा संपे. मग ताकाची वाटी. आईने माझ्यासाठी तुकडा कुस्करल्याचं मला आठवत नव्हतं. तिने केलाही असेल, माझ्या आठव्या वर्षाच्या आधी कधी.

आईला वहिनींच्या सगळ्या आवडीनिवडी पाठ होत्या. माठाची भाजी देठासकट, कुळथाचं कढण पातळ, वरणात हिंग जरा जास्त. मला पडवळ मुळीच आवडत नाही हे तिला ठाऊक नव्हतं. मी सांगितलंही नव्हतं. पडवळ पानात आलं की मी खात असे.

बातमी नळावरून खालच्या गावात गेली. एके दिवशी ठकूबरोबर दोघीतिघी बायका परसदारी आल्या, भारे उतरवून उंबऱ्यापलीकडे उभ्या राहिल्या.

"हीच का गं ती? बारीक व्हाया जेवती म्हनं?"

"बारीक व्हाया जेवाया लागतं? मंग आमी कशानं बारीक हाय गं?"

"आमी न जेवता बारीक हाय, त्या जेवून व्हनार. मोठ्या लोकांचं समदं उलटं."

"गप गं बाय, हसल्या तर उठतील त्या."

वहिनींचा हात पानात थांबला. मान खाली होती. खांदे हलू लागले तेव्हा मला वाटलं रडतायत. त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्या आवाज न करता हसत होत्या. हसणं म्हणजे बोलणं नाही, एवढी सवलत त्यांनी स्वतःला दिली होती. आईने बायकांना घालवून दिलं आणि ती पण हसू लागली. दोघी एकमेकींकडे पाहून हसत होत्या. मी भाकरी खाल्ली.

पण मला सगळ्यात लागलं ते निराळंच. वहिनी बोलू शकत नसत, आणि शांततेत बसायचं आईला जड जाई. म्हणून आई बोलू लागली. माझी आई! आधी हवेचं, भाजीचं. मग हळूहळू लोधिवलीचं, तिच्या माहेरचं. तिथल्या तळ्यात ती पोहायला कशी शिकली. तिच्या भावाने तिला म्हशीच्या पाठीवर कसं पालथं घातलं. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या रस्त्याकडेला थांबत, तेव्हा एका गोऱ्या बाईने तिला बिस्किट दिलं आणि तिने ते बाटायला नको म्हणून आंब्याच्या झाडाखाली पुरलं. "आणि रात्रभर मला झोप नाही," आई म्हणाली. "सकाळी जाऊन उकरलं नि खाल्लं. मुंग्यांसकट." वहिनींनी पदर तोंडात घातला.

माझ्या आईला पोहता येतं हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मी समोर बसले होते म्हणून मला कळलं. सांगितलं जात होतं ते वहिनींना. त्यांच्या प्रत्येक घासाला आई एक गोष्ट मोजत होती, आणि त्या तृप्त होऊन दोन्ही घेत होत्या. त्यांचा रंग परत आला. ओठ लाल दिसू लागले. स्टोअरच्या काट्यावर वजन जरा जरा उतरत होतं, आणि आता पायऱ्या चढताना धाप लागत नव्हती. क्वार्टर्समध्ये सगळे म्हणत, ताईंनी जादू केली.

त्या दिवाळीच्या सुमारास मला जेवण जाईना. कुणावर रुसले होते असं नाही. पानावर बसलं की घास हातातच राही. भाकरी पानाच्या कडेने मोडून ठेवली, भात वरणाने ओला करून पसरला, की जेवल्यासारखं दिसतं. वसतिगृहात हे सगळ्या मुलींना येतं. आईचे डोळे समोरच्या पानावर असत. ती मला विचारी, "झालं?" मी म्हणे, "हो." ठकू पान उचलून नेई.

दिवाळी झाली. मौन संपायला थोडेच दिवस उरले होते, पण डॉक्टरांनी आधीचाच दिवस कळवला. तीनच्या गाडीने येतो. बाईंना नेहमीसारखं जेवू घाला, मी जेवणानंतरच तपासणार, पोट भरलेलं असताना त्या उभ्या कशा राहतात ते मला बघायचंय. त्या दिवशी आई सकाळपासून चुलीपाशी होती. तिने माठाची भाजी केली, मुगाचं घट्ट वरण केलं, गरम भाकऱ्या एकेक करून तव्यावरून थेट वाढायच्या असं ठरवलं. यजमान स्टोअरमधून दोनदा येऊन, दारातून डोकावून, काही न विचारता परत गेले.

वहिनी पाटावर बसल्या. पाणी फिरवलं, हात जोडले आणि मौन सुरू झालं. पहिली भाकरी झाली. आई तळ्याची गोष्ट सांगत होती, जी आम्ही दोघींनी आधी ऐकली होती. दुसऱ्या भाकरीला वहिनी थांबल्या. आईने लगेच ताक पुढे केलं. वहिनींनी मानेने नको म्हटलं.

"मीठ हवं?"

नको.

"चटणी? लिंबू?"

वहिनींनी बोट वर केलं आणि माझ्या पानाकडे दाखवलं. आईने पाहिलं. माझ्या पानात भाजीची वाटी भरलेली होती, भाकरीचे तुकडे कडेला ओळीने ठेवलेले होते.

"भाजी हवी होय? अगं, मग सांगायचं ना! म्हणजे, हात करायचा." आईने माझी वाटी उचलली आणि त्यांच्या पानात पालथी केली. "हिला नाहीतरी आवडत नसेल. खा, खा. वेळ होतोय."

मी हात मागे घेतला. वहिनी आईकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी पुन्हा बोट केलं, या वेळी माझ्याकडे, माझ्या मनगटाकडे, मग स्वतःच्या तोंडाकडे. आई त्यांच्या तोंडाकडे पाहून म्हणाली, "दाढ दुखतेय का, कमळ? आजच?" आणि रडवेली झाली.

वहिनींनी हातातला घास पानात ठेवला.

"ताई, मला नको हो काही! तिचं पान बघा. दिवाळीच्या आधीपासून बघत्येय मी. ही पोर जेवत नाहीये."

आईच्या हातात रिकामी वाटी होती. ती तिने कुठे ठेवावी हे तिला सुचेना. मागच्या दारातून ठकूचा आवाज आला, "बोलल्या! अगं बया, वयनी बोलल्या!" छबी आत धावत आली. दूर कुठेतरी गाडीची शिट्टी झाली. ती डॉक्टरांची असायला अजून बराच वेळ होता, पण आम्ही सगळ्यांनी तिकडे मान वळवली.

आई माझ्याकडे पाहत होती. नीट, वरपासून खालपर्यंत, जसं डॉक्टरांनी वहिनींना पाहिलं होतं तसं. महिनोन्‌महिने मला हेच हवं होतं, आणि तेही वहिनींनीच मिळवून दिलं, चार वाक्यांत. मला त्यातलं एकसुद्धा सापडलं नव्हतं. त्या क्षणी त्यांच्याइतका कुणाचाच मला हेवा वाटला नसेल.

वहिनींनी डावा हात जमिनीवर टेकला. उठताना त्या नेहमी तसा टेकत. अर्ध्या उठल्या. पानात अर्धी भाकरी होती, वरण होतं, माझी भाजी होती. पट्ट्यावर हात ठेवून त्या क्षणभर तशाच राहिल्या, वाकलेल्या. ठकूने पाण्याचा तांब्या पुढे केला. वहिनींनी तांब्याकडे पाहिलं, देवघराच्या कोनाड्याकडे पाहिलं, आणि पुन्हा पाटावर बसल्या. धप्पकन. भांडी हलली.

"नाही उठायची मी आज. देवाला काय ते मी सांगेन," त्या मोठ्याने म्हणाल्या. "ताई, आधी तिला गरम भाकरी वाढा, मग मला. भूक लागलीये मला."